हँडब्रेक: फुकट आहे, चोख आहे, पण पहिल्याच प्रीसेटवर डोळे मिटून बोट ठेवू नका

घरच्या शूटिंगला आपल्याकडे अजून 'कॅसेट' म्हणणारे बरेच आहेत. कॅसेटचं एक बरं होतं, व्हीसीआरमध्ये घातली की लागायची. आजची ४के फाईल पेनड्राईव्हवरून टीव्हीला दिली की चार तऱ्हा होतात. यादीत फाईल दिसतच नाही. दिसते पण उघडत नाही. चित्र येतं पण आवाज येत नाही. नाहीतर सगळं येतं आणि दर दोन सेकंदांनी अडखळतं. मग कुणीतरी सांगतं, 'हँडब्रेकमधून काढ.' सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. या चारांपैकी दोन दुखण्यांवर हँडब्रेक हे औषधच नव्हे.

आधी वस्तूची ओळख. हँडब्रेक हा व्हिडिओ एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलणारा मोफत प्रोग्राम. एरिक पेटिट यांनी तो २००३ मध्ये बीओएस नावाच्या, आता विसरल्या गेलेल्या प्रणालीसाठी लिहायला घेतला. १.०.० ही आवृत्ती यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. जाहिरात नाही, व्हिडिओवर शिक्का नाही, 'दहा मिनिटांपुढे पैसे भरा' नाही. तो हँडब्रेक डॉट एफआर या मूळ ठिकाणाहूनच उतरवायचा. मे २०१७ मध्ये त्यांच्या एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकसाठीची फाईल बदलून तिथे हेरगिरीचा प्रोग्राम ठेवला गेला होता आणि तो काही दिवस तसाच वाटला गेला. मूळ जागी हे घडू शकतं, तर 'फ्री कन्व्हर्टर' शोधल्यावर समोर येणाऱ्या भलत्या पानांबद्दल वेगळं सांगायला नको. विंडोजवर तो मायक्रोसॉफ्टची डॉट नेट रनटाईम मागतो, ती घालावी लागते.

आता मोठी उणीव, जी बहुतेकांना वापर सुरू करून महिना झाला तरी कळत नाही. हँडब्रेक चित्राला हात न लावता फाईल बदलू शकत नाही. आवाज आहे तसा पुढे नेण्याची सोय आहे, चित्राला ती नाही. प्रत्येक वेळी तो चित्र उलगडतो आणि पुन्हा दाबतो (यालाच एन्कोड करणं म्हणतात), म्हणजे थोडं का होईना गमावतो आणि वेळ खातो तो वेगळाच. म्हणून टीव्ही नेमका कशावर अडतोय हे आधी पाहायचं. त्यासाठी मीडियाइन्फो हा छोटा मोफत प्रोग्राम घ्या, फाईल त्यात टाका आणि पाच ओळी वाचा: चित्राचा कोडेक (दाबण्याची पद्धत), बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवली), स्कॅन टाईप आणि आवाजाचा फॉरमॅट. जमल्यास फ्रेम रेट मोडही (फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं).

फाईल यादीत दिसत नाही कारण ती पेनड्राईव्हवर चढलीच नाही, असं असेल तर दोष व्हिडिओचा नाही. जुना पेनड्राईव्ह एफएटी३२ मध्ये असतो आणि त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर राहत नाही. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलेला व्हिडिओ सेकंदाला साडेबारा एमबी खातो, मिनिटाला ७५० एमबी. म्हणजे पावणेसहा मिनिटांत चार जीबी भरले. सप्तपदीही पुरी होत नाही तेवढ्यात. पेनड्राईव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी काढून ठेवा), बहुतेक नव्या टीव्हींना तो चालतो. काही जुन्या सेटना एक्सफॅट दिसत नाही, तिथे एनटीएफएस करून पाहायचं. दोन्ही नाही जमलं तरच फाईल लहान करायच्या गोष्टी.

चित्र आहे आणि आवाज नाही, हे कॅमेऱ्याच्या फाईलींचं नेहमीचं दुखणं. सोनीच्या एक्सएव्हीसी एस फाईलीत चित्र एच.२६४ असतं, पण आवाज असतो एलपीसीएम, म्हणजे न दाबलेला. संगणकावर छान वाजतो, पण एमपी४ फाईलीतला एलपीसीएम बरेच टीव्ही ओळखत नाहीत. इथे हँडब्रेक चालवणं म्हणजे चप्पल तुटली म्हणून पाय कापणं. ॲव्हिडेमक्स उघडा, व्हिडिओ आउटपुट 'कॉपी' राहू द्या, ऑडिओ आउटपुटमध्ये एएसी निवडा, खाली एमपी४ मक्सर निवडा आणि सेव्ह करा. तासाभराची फाईल काही मिनिटांत होते आणि चित्राचा एक कणही हलत नाही. टीव्ही अँड्रॉइडचा असेल तर त्याहून आधी त्यावर व्हीएलसी घालून पाहा. आवाज तो स्वतः उलगडतो, तेवढ्यानेच काम भागलं तर कन्व्हर्ट करायलाच नको.

'फॉरमॅट सपोर्टेड नाही' येतं तेव्हा मीडियाइन्फोत '४:२:२' आणि '१० बिट' दिसतंय का बघा. हल्ली लग्नाचे शूटिंगवाले मिररलेस कॅमेऱ्यावर असं शूट करतात, रंग नंतर हवे तसे फिरवता येतात म्हणून. एडिटिंगला ते उत्तम, पण घरगुती टीव्हीतली चिप त्याच्या निम्मी रंगमाहिती ठेवणाऱ्या ४:२:० साठी केलेली असते. एच.२६४ असेल तर ८ बिट, एचईव्हीसी (म्हणजे एच.२६५) असेल तर १० बिटपर्यंत. ४:२:२ तिच्या पोटातच जात नाही, मग टीव्ही कितीही महागाचा असो. इथे पुन्हा एन्कोड करण्यावाचून गत्यंतर नाही आणि इथून हँडब्रेकचं खरं राज्य सुरू होतं. शूटिंगवाल्याला पैसे चुकते करण्याआधी 'टीव्हीला चालणारी ४:२:० फाईलही द्या' असं सांगून ठेवलं तर हा खटाटोप वाचतो, पण सांगतो कोण?

अडखळणाऱ्या फाईलीचं कारण बहुधा वेग. स्वस्त पेनड्राईव्ह वाचतानाही दमतो, तो बदलून पाहा. टीव्हीला लॅन केबलने नासवरून (घरच्या नेटवर्कवरच्या साठवणीवरून) व्हिडिओ देत असाल तर एक मजा लक्षात ठेवा: बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट आजही १०० एमबीपीएसचाच असतो. १०० एमबीपीएसचा व्हिडिओ त्यातून सुरळीत जाणारच नाही. तोच टीव्ही पाच गिगाहर्ट्झच्या वायफायवर बरा चालतो.

बाकी कामाला हँडब्रेक. वरच्या टॅब डावीकडून उजवीकडे: समरी, डायमेन्शन्स, फिल्टर्स, व्हिडिओ, ऑडिओ, सबटायटल्स, चॅप्टर्स. सुरू केला की 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगांचा संच, आपोआप निवडलेला असतो आणि बहुतेकजण तसंच 'स्टार्ट एन्कोड' दाबतात. आमची मुख्य तक्रार इथेच आहे. या प्रीसेटमध्ये फ्रेम रेटची कमाल मर्यादा ३० आहे. आपल्याकडचे कॅमेरे पाल या जुन्या टीव्ही पद्धतीला धरून २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करतात. २५ ची फाईल सुखरूप राहते. पण ५० ची फाईल ३० वर आणताना दर पाच फ्रेमांतल्या दोन गळतात, आणि उरलेल्या तीन सारख्या अंतरावर येत नाहीत. एक उडी लांब, पुन्हा लांब, मग एक आखूड. समईसमोर बसलेल्या माणसांत हे दिसत नाही. गोव्यातल्या शिगम्यात रोमटामेळ (नाचती मिरवणूक) कॅमेऱ्यासमोरून गेला, किंवा कॅमेरा चित्ररथावरून आडवा फिरला, की चित्र ठेचकाळल्यासारखं दिसतं आणि खापर फुटतं टीव्हीवर. ६० च्या फाईलीत निदान एक आड एक फ्रेम जाते, हालचाल कमी मऊ होते पण समान राहते. आपण नेमके ५० वाले.

म्हणून व्हिडिओ टॅबवर फ्रेम रेट 'सेम ॲज सोर्स' करा आणि त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. फोनच्या व्हिडिओला हे 'कॉन्स्टंट' फारच गरजेचं. फोन प्रकाश कमी झाला की फ्रेम रेट वरखाली करतो, मीडियाइन्फो त्याला 'व्हेरिएबल' म्हणतं. काही टीव्ही अशा फाईलीत दहा-पंधरा मिनिटांनी आवाज पुढे आणि ओठ मागे ठेवतात.

फोनवरून एक आडवळण. मंडपातल्या दिव्यांमुळे व्हिडिओत पट्टे सरकताना दिसत असतील तर ते कन्व्हर्ट करून जाणार नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि फोन शूट करतो ३० वर. दोघांचा मेळ बसत नाही. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'शो पाल फॉरमॅट्स' चालू केलं की २५ चा पर्याय येतो. कॅमेऱ्यात शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं. हे शूटिंगआधीचं काम, नंतर हँडब्रेकच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही.

दर्जाचा आकडा म्हणजे आरएफ. तो जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. इथे नवखा माणूस नेमका उलटा जातो. हँडब्रेकवाले स्वतः १०८०पी साठी २० ते २४ आणि ४के साठी २२ ते २८ सुचवतात. एक्स२६४ मध्ये (हँडब्रेकमधला एच.२६४ चा एन्कोडर, एच.२६५ चा तो एक्स२६५) आरएफ सहाने कमी केला की फाईल साधारण दुप्पट होते, हा अंदाज मनात असू द्या. टीव्हीवर बघायचं आणि पेनड्राईव्ह ६४ जीबीचा, तर कंजुषी कशाला? १०८०पी ला २० ठेवा. मात्र एक्स२६४ चा २० आणि एक्स२६५ चा २० एक नव्हे, आणि ग्राफिक कार्डाच्या एन्कोडरचा आकडा तर तिसऱ्याच मोजपट्टीचा.

आकडा एकच ठेवून सगळ्या फाईली सारख्या आकाराच्या येतील ही अपेक्षा नको. दाबायला कठीण दृश्यं आपल्याकडे जरा जास्तच: शिगम्यातला उडता गुलाल, शिरगावच्या लईराईच्या जत्रेतला होमकुंडाचा निखारा आणि त्यावरून जाणारे धोंड (व्रतस्थ भक्त), दिवजोत्सवातल्या हलत्या ज्योती, दूधसागरचं पाणी, आषाढातला पाऊस. प्रत्येक कण प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी, मागच्या फ्रेमवरून काही उसनं घेता येत नाही. अंधारातल्या शूटिंगमध्ये सेन्सरचा किरकिरा दाणा असतो, एन्कोडर त्यालाही प्रामाणिकपणे जपायला जातो. त्यामुळे रात्रीची दहा मिनिटं दिवसाच्या वीस मिनिटांहून जड झाली तर घाबरू नका. फिल्टर्समध्ये डिनॉईझला 'एनएलमीन्स' आणि प्रीसेट 'अल्ट्रालाईट' दिलं तर दाणा बसतो. त्यापुढे गेलात की चेहरे मेणाचे होतात, आणि वेळ तर अल्ट्रालाईटलाही भरपूर लागतो.

कोणता कोडेक? एकाच घरात एकच नवा ४के टीव्ही असेल तर एक्स२६५, १० बिट, 'फास्ट २१६०पी६० ४के एचईव्हीसी' या प्रीसेटपासून सुरुवात करून. फाईल मामाकडे म्हापशाला, आत्याकडे फोंड्याला, कुणाच्या तरी जुन्या एलसीडीवरही लागायची असेल तर १०८०पी, एच.२६४, प्रोफाईल हाय, लेव्हल ४.१ (५० किंवा ६० फ्रेम असतील तर ४.२), एमपी४. जुन्या १०८०पी सेटला ४के फाईल उलगडताच येत नाही, त्याला लहान करून दाखवण्याचाही प्रश्न येत नाही. वाटायची प्रत हीच असावी. १० एमबीपीएसला मिनिटाला ७५ एमबी पडतात, म्हणजे तासाला साडेचार जीबी. तेव्हा एफएटी३२ चा विचार करून विधी आणि जेवणं वेगवेगळ्या फाईलींत काढलेली बरी. ४:२:२ मधून येताना वेगळं काही करावं लागत नाही, 'एच.२६४ (एक्स२६४)' निवडलं की तो ८ बिट ४:२:० च देतो.

जुना हँडीकॅम कपाटात असेल तर त्याच्या एमटीएस फाईली वेगळं प्रकरण आहे. एव्हीसीएचडी हा प्रकार सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणला. त्या काळातलं बहुतेक शूटिंग १०८०आय, म्हणजे इंटरलेस्ड: एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या आडव्या रेघा एकाआड एक. हात हलला की कंगव्याचे दात दिसतात ते यामुळेच. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस 'डीकॉम्ब' ठेवलं तर २५ फ्रेमची स्वच्छ फाईल मिळते, आणि पुष्कळजण इथेच थांबतात. थांबू नका. डीकॉम्बचा प्रीसेट 'बॉब' करा, फ्रेम रेट ५० आणि कॉन्स्टंट. दोन क्षण दोन वेगळ्या फ्रेमांत जातात आणि फुगडी मूळ कॅमेऱ्यात दिसायची तितकीच सुळसुळीत दिसते. ३० ची मर्यादा तशीच राहिली तर बॉब फुकट गेलाच म्हणून समजा.

यातल्या कित्येक कॅमेऱ्यांचं चित्र १४४० बाय १०८० असतं आणि फाईलीतली एक खूण सांगते की ते ताणून १६:९ दाखवा. पेनड्राईव्हवरून वाजवताना काही टीव्ही ही खूण वाचत नाहीत, मग सगळी माणसं उपाशी दिसतात. डायमेन्शन्समध्ये ॲनामॉर्फिक 'नन' करून रुंदी १९२० झाली का ते पाहा. आणि कॅमेऱ्याने एकच आरती दोन-तीन तुकड्यांत तोडली असेल तर हँडब्रेक ते जोडून देत नाही, ती सोयच नाही त्यात. आधी लॉसलेसकट किंवा एमकेव्हीटूलनिक्समध्ये तुकडे जोडा, मग इथे आणा.

आयफोन १२ पासून पुढच्या फोनांत एचडीआर व्हिडिओ सेटिंग चालू असेल तर साध्या टीव्हीवर तो व्हिडिओ फिक्कट, पीठ फासल्यासारखा दिसतो. फिल्टर्समध्ये कलरस्पेस 'बीटी.७०९' करा. शालूचा हिरवा आणि गणपतीवरच्या माटोळीतल्या फळांचे रंग जागेवर येतात. टीव्ही खरोखर एचडीआरचा असेल तर हे करू नका, १० बिट एचईव्हीसीतच ठेवा.

आवाजाला प्रीसेट १६० केबीपीएस एएसी देतो. बोलण्याला, गाऱ्हाण्याला ते पुरतं. घुमट आरतीला नाही. घुमट आणि शामेळ ही चर्मवाद्यं निभावतात, पण कासाळ्यांचा (झांजांचा) सततचा झणत्कार हा एन्कोडरच्या दृष्टीने जवळजवळ गोंगाटच. कमी बिटरेटला तो पाण्याखालून आल्यासारखा सळसळतो. २५६ करा, फाईल तासाला फार तर चाळीसेक एमबीने वाढेल. मुळात फोनने आवाज फाटलेला टिपला असेल तर मात्र कुठल्याच आकड्याने तो शिवला जात नाही.

सबटायटल मराठीत किंवा कोंकणीत घालायचं असेल तर ते वेगळं एसआरटी (सबटायटलची मजकूर फाईल) म्हणून टीव्हीवर सोडू नका. बऱ्याच टीव्हींना देवनागरी जोडाक्षरं आणि मात्रा नीट जुळवता येत नाहीत. सबटायटल्स टॅबवर एसआरटी घ्या, अक्षरांचं एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि 'बर्न इन' करा. अक्षरं चित्रातच छापली जातात, मग टीव्ही कुठलाही असो.

वेग ही दुसरी तक्रार, पण ती गणिताची, हँडब्रेकची नव्हे. साध्या लॅपटॉपवर तासाभराचं ४के एक्स२६५ मध्ये काढायला रात्र जाऊ शकते. इंटेलचा क्यूएसव्ही, एनव्हिडियाचा एनव्हीएन्क, मॅकचा व्हिडिओटूलबॉक्स हे चिपमधले एन्कोडर कितीतरी पटींनी वेगवान. घरी बघायला ते बिनदिक्कत वापरा. फक्त गुलाल, धूर आणि अंधार असलेल्या फाईलीला दर्जाचा आकडा जरा उदार ठेवा, तेवढ्याच आकारात ते एक्स२६५ इतकं जपत नाहीत. रात्रभर लावून ठेवायचं तर पावसाळ्यात आपल्याकडची वीज ध्यानात घ्या. एमपी४ ची अनुक्रमणिका फाईल पुरी झाल्यावर लिहिली जाते. नव्वद टक्क्यांवर वीज गेली तर नव्वद टक्के व्हिडिओ मिळत नाही, काहीच मिळत नाही. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. तो नसेल तर एमकेव्हीत काढा, तुटली तरी झालेला भाग बहुधा वाजतो. एमकेव्ही न चालणारा टीव्ही निघालाच तर ॲव्हिडेमक्समध्ये दोन्ही 'कॉपी' ठेवून एमपी४ करता येतं. लॅपटॉप गादीवर ठेवून एन्कोड लावू नये, तापला की तो स्वतःच वेग निम्म्यावर आणतो.

छोटी पण छळणारी गोष्ट: फोल्डर उघडला की दहा सेकंदांहून लहान क्लिप यादीत येत नाहीत. फाईल बिघडलेली नसते. प्रेफरन्सेसमध्ये किमान लांबीचा आकडा खाली आणायचा. उभे-आडवे झालेले फोनचे व्हिडिओ मात्र तो खूण वाचून आपोआप सरळ करतो, आणि हे बऱ्याच टीव्हींना जमत नाही.

मत विचारलं तर पाचपैकी चार. एक गुण कापला तो चित्र 'कॉपी' करता येत नाही म्हणून आणि उघडल्याबरोबर समोर ३० फ्रेमचा प्रीसेट मांडून ठेवला म्हणून. सेटिंग एकदा जमलं की 'सेव्ह न्यू प्रीसेट' करून त्याला 'घरचा टीव्ही ५०' असं काहीतरी नाव द्या. अख्खी फाईल लावण्याआधी रेंजमध्ये 'सेकंद्स' निवडून सर्वांत धावपळीची तीस सेकंदं काढा आणि ती त्याच टीव्हीवर, त्याच पेनड्राईव्हवरून बघा, संगणकावर नव्हे. ती चालली तर बाकीच्या फाईली क्यूमध्ये टाका, 'व्हेन डन' ला 'शटडाऊन' करा आणि झोपा. कॅमेऱ्याच्या मूळ फाईली तेवढ्या पुसू नका, पुढचा टीव्ही आणखी वेगळं काही मागेल.